तपनकुळाच्या वाटेवरची दाणा-वैरण

शिरपूर

चि. भावड्या यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या तपनकुळाच्या कादंबरीची चारही प्रकरणं वाचून काढली. भाषा बरी उतरली आहे, लढाया तर एका बैठकीत वाचून होतात. पण बुडालेलं साम्राज्य परत उभं करायला निघालेलं कुळ म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो असा, की ते साम्राज्य बुडालं कशानं? तू लिहिलंस, 'नियतीचा कोप झाला आणि तपनगड पडला.' एवढ्यावर भागणार नाही. ज्या कारणानं राज्य गेलं ते कारण तुझ्या कथेतल्या मधल्या 120 वर्षांत कुठं जात नाही. वारस परत येतो तेव्हा वेशीवर पहिलं तेच उभं असतं. तुझ्या वारसाची, अर्कसेनाची, खरी लढाई त्या कारणाशी आहे, आणि तुझ्या चार प्रकरणांत त्याचा पत्ताच नाही.

कुळाचं नाव तू तापीवरून घेतलंस हे कळलं. मग तापीचीच कथा नीट बघ. महाभारतातल्या आदिपर्वात तपती ही सूर्याची मुलगी, आपण तापी म्हणतो ती हीच. तिच्याशी लग्न झाल्यावर राजा संवरण बारा वर्षं डोंगरातच रमला, राज्यात पाऊस पडेना, माणसं गावं सोडून गेली. शेवटी वसिष्ठांनी दोघांना राजधानीत आणलं तेव्हा पाऊस पडला. त्याच पर्वात दुसरीकडे हेही येतं की दुष्काळ, रोगराई आणि उपासमारीनं खिळखिळ्या झालेल्या त्याच्या राज्यावर पांचालांनी चाल केली, आणि संवरण बायकामुलं, प्रधान घेऊन सिंधूकाठच्या झाडीत जाऊन राहिला. पुढं वसिष्ठांना पुरोहित करून त्यानं राज्य परत मिळवलं, आणि तपतीचा मुलगा कुरू गादीवर आला. म्हणजे बुडालेलं राज्य परत आणणारं मूळ कुळ तापीमाईचंच. त्यात बुडण्याचं कारण स्वच्छ सांगितलंय: राजा जागेवर नव्हता, पाणी नव्हतं, प्रजा पांगली. शत्रू सगळ्यात शेवटी आला.

दुसरं उदाहरण घरापासून लांब नाही. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर अशीरगड. फारसीत इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्यानं सांगितलेली गोष्ट अशी, की खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्यातल्या नासिरखानानं तो आसा अहिराकडून कपटानं घेतला. बायकांना आसरा पाहिजे म्हणून डोल्या पाठवल्या आणि डोल्यांत हत्यारबंद शिपाई बसवले. दोनशे वर्षांनी अकबरानं त्याच गडाला वेढा घातला. तट फुटला नाही. आत माणसांची आणि जनावरांची दाटी झाली, रोग पसरला, शेवटचा फारुकी बहादूरखान बोलणी करायला खाली उतरला तो परत वर जाऊ दिला नाही, आणि 1601 च्या जानेवारीत गड पडला. दरवाजातून विश्वासानं आत घेतलेला पाहुणा आणि विश्वासानं बाहेर गेलेला मालक, गड दोन्ही वेळा असाच गेला. तपनगडाला असलं एखादं कारण दे. मग अर्कसेन गडाच्या दरवाजात उभा राहील तेव्हा वाचकाच्या पोटात गोळा येईल, आत्ता येत नाही.

आता वारसाचं बघू. खांद्यावर सूर्याचा डाग आणि तो बघून सगळे पाया पडतात, हे काढून टाक. हिशोब कर: 120 वर्षं म्हणजे पंचवीस वर्षांची एक धरली तर जवळपास पाच पिढ्या. दर पुरुषाला तीन मुलगे जगले तर पाचव्या पिढीत 243 पुरुष त्या रक्ताचे. दोनच जगले तरी 32. यातला प्रत्येक जण स्वतःला थोरल्या शाखेचा म्हणवणार. मुलींकडून आलेले वेगळेच. तुझ्या कथेत अर्कसेन एकटा वारस आहे. मग बाकीचे कोणी मारले, का मारले, की ते शत्रूच्या दरबारात मनसब खाऊन बसले? हेच भाऊबंद पुढच्या तीन प्रकरणांना पुरतील.

खरा वारस खरा आहे हे सिद्ध कसं होतं, त्यासाठी 1707 साल बघ. औरंगजेब गेल्यावर त्याचा मुलगा आझमशहा यानं कैदेतल्या शाहूराजांना सोडलं, ते मराठ्यांत दोन तट पडावेत म्हणून. आई येसूबाई मात्र ओलीस ठेवून घेतली, ती 1719 मध्ये सुटली. नर्मदा ओलांडून शाहूराजे आपल्या खानदेशातूनच खाली आले. लांबकानीला त्यांचा मुक्काम होता आणि इथंच सरदार येऊन मिळायला लागले. ताराबाईंच्या बाजूनं हाकाटी होती की हा तोतया आहे. परसोजी भोसल्यांनी काय केलं, तर शाहूराजांसोबत एका ताटात जेवले. त्या काळी याहून मोठा दाखला नव्हता, खोट्या माणसाच्या उष्ट्यात हात घालून कोणी आपली जात आणि इभ्रत घालवत नसे. पुढं धनाजी जाधवांना ताराबाईंनी पाठवलं होतं शाहूंच्या विरुद्ध, ते खेडच्या लढाईत शाहूंच्या बाजूला वळले, आणि 12 जानेवारी 1708 ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला. लांबकानीपासून साताऱ्याच्या गादीपर्यंत एक वर्षसुद्धा लागलं नाही, कारण निम्मी लढाई ताटावर आणि निम्मी बोलण्यात जिंकली होती.

तुला हे ताट आयतं मिळण्यासारखं आहे. आपल्या खानदेशातल्या कानबाईचे रोट आठव. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरातल्या माणसांच्या नावानं मुठी मोजून गहू घ्यायचे, दळायचे, रोट करायचे, आणि ते खायचे फक्त भाऊबंदांनी. पोटच्या मुलीचं लग्न झालं की तीही त्या ताटातून बाहेर. तपनकुळाला असलं व्रत दे. मुठी मोजताना अर्कसेनाच्या नावाची मूठ धरायची की नाही, यावर म्हातारी माणसं रात्रभर भांडतील. डागापेक्षा हे जास्त खरं वाटेल, आणि वाईट माणसालाही संधी मिळेल: कोणीतरी मुद्दाम एक मूठ कमी टाकेल. सोबत भाटाची वही ठेव. भाट यजमानाच्या दारी येऊन जन्मलेल्याचं नाव वहीत चढवतो. तपनकुळ जंगलात लपल्यापासून भाट आलाच नसेल तर वहीत 120 वर्षांची पानं कोरी असतील, आणि शत्रूनं भाट विकत घेतला असेल तर त्याहून वाईट.

सैन्याचं सगळ्यात जास्त बिघडलंय, म्हणून इथं जरा थांबते. तिसऱ्या प्रकरणात 6000 घोडेस्वार सातपुड्यातून निघतात आणि तीन दिवसांत तपनगडाखाली उभे राहतात. तेही आषाढात. भावड्या, आषाढात आपल्या काळ्या जमिनीतून रिकामी बैलगाडी निघत नाही, तोफ कशी निघेल? माती चाकाला गोळा होते, आरे दिसेनासे होतात, बैल गुडघ्यापर्यंत रुततो. तापी, गिरणा, पांझरा, अनेर, बोरी सगळ्या भरलेल्या. दसऱ्याला सीमोल्लंघन करायची रीत उगाच पडलेली नाही. त्या वेळेला पाणी ओसरतं, नदी पार करायचे उतार मोकळे होतात, खरिपाची ज्वारी-बाजरी खळ्यात येते, बांधावर गवत असतं. मोहिमेचे महिने म्हणजे अश्विनापासून फाल्गुनापर्यंत निवांत, चैत्र-वैशाखात पाण्यासाठी मारामार, आणि मृगाच्या आधी छावणीला परत. तुझी चढाई आषाढातच पाहिजे असेल तर ती पायदळाची ठेव, डोंगराच्या धारेवरून, थोड्या माणसांची. 'शत्रूला वाटलं पावसात कोण येणार' हे एक कारण मला पटेल, पण मग घोडे नकोत.

आता 6000 घोड्यांचा हिशोब. घोड्याला रोज अडीच किलो हरभरा धर, सात किलो कोरडी वैरण आणि 30 लिटर पाणी. उन्हात आणि दौडीत पाणी जास्त. स्वाराला पाऊण किलो धान्य. आणि सैन्य म्हणजे नुसते स्वार नसतात. घोडे सांभाळणारे मोतद्दार, नालबंद, खोगीर शिवणारे, फौजेमागून चालणारे बुणगे मिळून आणखी तेवढीच माणसं. म्हणजे 12000 तोंडं. माणसांना रोज 90 क्विंटल, घोड्यांना 150 क्विंटल दाणा, मिळून 240 क्विंटल. पाठीवर गोणी टाकलेला बैल साधारण एक क्विंटल नेतो आणि दिवसाला 15 किलोमीटर चालतो. दहा दिवसांचा दाणा सोबत न्यायचा तर 2400 बैल. हे बैल लमाणांचे, तांडेच्या तांडे. लमाण नायकाशी करार केल्याशिवाय दक्षिणेत मोठी फौज सहसा हलत नसे. तुझ्या चारही प्रकरणांत लमाण एकदासुद्धा येत नाही.

दाण्याचं एवढं तरी जमतं. वैरणीचं जमतच नाही. 6000 घोड्यांना दिवसाला 420 क्विंटल कडबा. कोरडवाहू ज्वारीचा एकरी 10 क्विंटल कडबा निघाला असं धर, तर रोज 42 एकरांचा कडबा फस्त. इतका कडबा वाहून नेता येत नाही, तो वाटेवरच मिळाला पाहिजे. त्यामुळे फौजेची वाट सेनापती ठरवत नाही, गंजी कुठं आहेत त्यावर ती ठरते. शत्रूला हे माहीत असतं. तो समोर येऊन लढत नाही, पुढं स्वार पाठवून गंजी पेटवतो आणि विहिरीत मेलेली जनावरं टाकतो. तीन दिवस वैरण चुकली की घोड्याची पाठ उतरते, खोगीर सैल होतं, घासून जखमा होतात, आणि पाठ फुटलेला घोडा महिनाभर कामाचा नाही. लढाई न होता निम्मं घोडदळ पायी चालायला लागतं. हे एक प्रकरण लिही, तलवारीच्या दहा प्रकरणांपेक्षा भारी होईल.

माझं ऐकशील तर 6000 चे 600 कर. रोजचा दाणा 24 क्विंटल, कडबा 42 क्विंटल; दोन मोठी गावं मनात आणतील तर एक रात्र उतरवून घेतील. मजल 25 ते 30 किलोमीटरची ठेव. अडीनडीला 50-60 किलोमीटर दौड दोन-तीन दिवस होते, पण प्रत्येक स्वाराजवळ बदलीचं जनावर असेल तर, आणि नंतर तेवढाच विसावा. छोटी फौज लपते, पळते, उतारावरून रात्रीत पार होते. दारिद्र्यात पाच पिढ्या काढलेल्या कुळाला ती परवडेल सुद्धा.

आणि हे 600 कोणाचे? बारगीर असेल तर घोडा आणि हत्यार सरकारचं, शिलेदार असेल तर स्वतःचं. तपनकुळाकडे पैसा नाही म्हणजे सगळे शिलेदार. शिलेदार आपला घोडा जपतो, कारण तो मेला तर त्याची रोजी गेली. म्हणून तो भिडायला कचरतो आणि लुटीला पुढं असतो. पगार थकला की शत्रूकडं जातो, त्यात त्याला लाजही वाटत नाही. हजेरीत लबाडी ठरलेली: एकच घोडा दोन पथकांत दाखवायचा, मागून आणलेलं तट्टू उभं करायचं. म्हणून घोड्याला डाग आणि स्वाराचा चेहरा कागदावर लिहून ठेवायची पद्धत होती. अर्कसेनाच्या कारकुनानं पहिल्याच हजेरीत 600 ऐवजी 410 घोडे मोजले तर? अर्कसेनाला तेव्हा जे करावं लागेल त्यातून तो राजा होण्याच्या लायकीचा आहे की नाही ते कळेल.

तलवारीचं दोन ओळींत सांगते. दहा किलोची तलवार कोणी चालवत नाही. घोड्यावरून चालवायचं पातं किलोभराच्या आसपास असतं, आणि स्वाराचं पहिलं हत्यार भाला.

सातपुड्यातला आसरा तू सुंदर लिहिलास. तोरणमाळसारखं पठार, वर बारमाही तलाव, खाली दाट रान, हे पटतं. पण ते रान रिकामं दाखवलंस. तिथं आधीपासून माणसं आहेत, त्यांचे नायक आहेत, घाटावर राखण करण्याचे त्यांचे पिढीजात हक्क आहेत. वाटसरूला सुखरूप पार करून द्यायचं आणि त्याबद्दल गावांकडून ठरलेलं धान्य-पैसा घ्यायचा, ही व्यवस्था. ती कोणी मोडली की घाट बंद होतात. 1818 नंतर इंग्रजांना हे खानदेशात चांगलंच कळलं. भिल्लांवर फौजा पाठवून भागलं नाही, शेवटी 1825 मध्ये धरणगावला आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांचीच पलटण उभी केली. तपनकुळ पाच पिढ्या त्या रानात राहिलं ते कोणाच्या परवानगीनं? काय देऊन? मुली दिल्या-घेतल्या का? साम्राज्य परत आलं तर रानाच्या नायकाला काय मिळणार? त्याला 'निष्ठावंत वनवासी' करून मशाल धरायला उभा करू नकोस. त्यानं अर्कसेनासमोर बसून घासाघीस केली पाहिजे, आणि त्याची बाजू अर्कसेनापेक्षा खरी वाटली पाहिजे.

गडावर येऊ. दरवाजा अर्कसेन एकटा फोडतो, हे तू पुन्हा वाचून बघ म्हणजे तुलाच हसू येईल. गड पडतात ते पाणी संपून, पगार थकून, रोगानं, नाहीतर किल्लेदार फोडून. आधी टाक्यांची संख्या ठरव. माणसाला पिण्या-रांधण्याला रोज पाच लिटर जरी धरलं तरी 500 माणसांना दिवसाला 2500 लिटर; पावसाळा सरल्यावर आठ महिन्यांना सहा लाख लिटर, आणि त्यात एक जनावर धरलेलं नाही. म्हणून शहाणा किल्लेदार वेढा पडायच्या आधी घोडे-गुरं खाली सोडतो. अशीरगडावर ती वरच राहिली.

धान्य अंबारखान्यात किंवा जमिनीखालच्या पेवात. पेव मुरमाड, निचऱ्याच्या जागी खणतात. काळ्या मातीत पाणी झिरपतं आणि ज्वारी काळी पडते. खाली आणि बाजूंना कडबा-पाचट लावायचं, धान्य दाबून भरायचं, वर पुन्हा पाचट, मग मातीनं तोंड लिंपून टाकायचं. बंद पेवात हवा विषारी होते. तोंड उघडल्यावर बराच वेळ मोकळं ठेवायचं, मग दोरीनं पेटता दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही. एक उतरला आणि पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो, असे एकामागून एक जीव जातात. तुझ्या चौथ्या प्रकरणात पोरं जुनं पेव शोधून काढतात आणि लगेच आत उड्या मारतात. तिथं हा दिवा घाल. नाहीतर कोणाला तरी मारावं लागेल, आणि तेही वाईट होणार नाही.

शरणागतीचा प्रसंग सगळ्यात धोक्याचा असतो, तू तो अर्ध्या वाक्यात उरकलास. आपल्या थाळनेरलाच 27 फेब्रुवारी 1818 ला काय झालं बघ. इंग्रज सेनापती हिस्लॉपची फौज खाली, किल्लेदार तुळशीराम मामा आधीच बाहेर येऊन स्वाधीन झालेला, आणि आतल्या दरवाजाशी इंग्रज अंमलदार आत गेले तेव्हा अटी काय ठरल्या हे आतल्या शिपायांना नीट कळलेलंच नाही. तिथल्या तिथं हत्यारं चालली, दोन इंग्रज अंमलदार मेले, मग बाहेरची फौज आत घुसली आणि शिबंदी कापून काढली. किल्लेदाराला फाशी दिलं. गड पडून गेला होता, तरी ही कत्तल झाली. तुझ्या तपनगडात दोन भाषा बोलल्या जातात असं तूच लिहिलंस. मग दुभाषा कोण आहे, आणि त्यानं एक अट मुद्दाम चुकीची सांगितली तर?

एवढं करून गड मिळाला, गादी मिळाली, आणि तू पुस्तक तिथंच संपवायचं म्हणतोस. माझ्या मते कथा तिथं सुरू होते. मधल्या 120 वर्षांत जमिनी कोणी कसल्या? तपनकुळाच्या सोबत रानात गेलेल्यांचे पणतू आता जुने ताम्रपट घेऊन येतील: हे गाव आमचं. त्या गावात ज्याचा पणजोबा दुसऱ्या राजाची सनद घेऊन बसला, त्यानं विहीर खणली, बांध घातले, आमराई लावली. त्याला उठवायचं का? उठवलं तर सारा कोण भरणार? नाही उठवलं तर रानात सोबत केलेल्यांना काय सांगणार? त्यात परागंदा राजा तर कागदावर वाट्टेल ते देत सुटतो, कारण द्यायला दुसरं काही नसतं. राजाराममहाराज जिंजीला होते त्या दिवसांत फौज घेऊन येईल त्याला वतनं-सरंजाम लिहून द्यावे लागले. राज्य तगलं त्यानं, पण पुढं ते सरंजाम कोणाला मागे घेता आले नाहीत. अर्कसेनाच्या बापानं आणि आज्यानं अशा किती चिठ्ठ्या लिहून दिल्यात, एकच गाव किती जणांना दिलंय, हे गादीवर बसल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दरवाजात रांग लागून कळू दे.

गावचा पाटील, कुलकर्णी, परगण्याचा देशमुख, ही माणसं राजा बदलला तरी जागेवर असतात, कारण कोणत्या शेताचा धारा किती ते त्यांच्या दप्तरात असतं. दप्तर जाळलं तर नवा राजा आंधळा. म्हणून त्यांना कोणी सहसा दुखवत नाही, आणि ते कोणासाठी जीवही देत नाहीत. तपनकुळ येतं तेव्हा बायका ओवाळायला धावतात असं तू लिहिलंस. पाच पिढ्यांनी कोण ओळखतं? गाव दारं लावून घेईल, पाटील नजराणा घेऊन येईल, आणि संध्याकाळी जुन्या राजाकडंही माणूस पाठवेल.

हुमायून हे चांगलं उदाहरण आहे. 1540 ला कनोजला शेरशहाकडून हरला, सगळं गेलं, इराणच्या शहाची मदत घेऊन 1545 ला कंदाहार घेतलं, 1555 ला दिल्ली, आणि काही महिन्यांत जिन्यावरून पडून गेला. पण परत आला तेव्हा त्याला जे मिळालं ते त्यानं सोडलेलं राज्य नव्हतंच. शेरशहानं मधल्या काळात जमाबंदी बसवली, रस्ते-सराया केल्या, रुपया पाडला. त्याच्यावर पुढं अकबराचं घर उभं राहिलं. तपनगडच्या 'परक्या' राजांनीही काही चांगलं केलेलं असू दे. आपल्याकडचा फड बघ: पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी आणि राखायला जागल्या. असा बंधारा शत्रूच्या राजानं बांधलाय असं कर. मग अर्कसेन काय करेल? कुळातले कट्टर म्हातारे म्हणतील, फोडा, परक्याची खूण नको. फोडला तर पहिल्याच वर्षी ऊस आणि गहू दोन्ही जळाले, सारा बुडाला, आणि संवरणाच्या राज्यासारखी प्रजा पांगली. ठेवला तर रोज त्या पाटावर परक्याच्या नावाचा दगड दिसणार. ज्या कारणानं राज्य बुडालं होतं ते पाण्याचं असेल तर इथं सगळं एकत्र येतं. तुझं पहिलं प्रकरण आणि शेवटचं प्रकरण याच बंधाऱ्यावर ठेव असं मी म्हणेन, पण ते तुझं तू बघ.

नाण्याचं राहिलं. नव्या राजाचं नाव गावोगाव पोचतं ते नाण्यावरून. पण चांदी बाहेरून येते आणि व्यापारी पहिल्या वर्षी विश्वास ठेवत नाहीत. आधी तांब्याचं पाडू दे, बाजारहाटाला तेच लागतं. चांदीचं जुन्याच राजाच्या ठशावर आणि वजनावर चालू ठेवू दे. वजनात चोरी केली की सराफ दोन दिवसांत ओळखतो आणि बट्टा लावतो, मग शिपाई तो पगार घेत नाहीत.

जादूचा अग्निमणी ठेवायचा तर ठेव, मला त्यातलं फार कळत नाही. फक्त त्याला खर्च लाव. तो एकदा वापरला की शिवारातल्या विहिरी महिनाभर आटतात असं काहीतरी. फुकटची आग असेल तर वर लिहिलेला सगळा हिशोब वाया, आणि 120 वर्षं हे लोक रानात कशाला बसले असाही प्रश्न उरतो.

आता नकाशा काढ आणि पाठव. नदीचे उतार, घाट, बारमाही पाणी आणि मोठी गावं एवढं दाखव, बाकी राजवाडे नंतर. प्रत्येक मुक्कामापुढं तिथली वैरण किती दिवस पुरेल ते लिही. ते आल्याशिवाय पाचवं प्रकरण मी उघडणार नाही. आणि वेळेवर जेवत जा. आवाजावरून कळतं रात्रीचं जागरण चालू आहे ते.

तुझी,
आई

ता. क. दुसऱ्या प्रकरणात तपनकुळाच्या शिदोरीत मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी आहे. दोन्ही पोर्तुगीज आल्यानंतरची, सोळाव्या शतकाच्या आधी इथं नव्हती. तुझं जग वेगळं आहे म्हणशील तर राहू दे, पण 'आदिकाळापासून' हा शब्द तिथून काढ. शिदोरी टिकायला पाहिजे असेल तर दुधात पीठ भिजवून केलेली दशमी, भाजलेले हरभरे आणि गूळ दे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, घोड्यावर बसून ती कोणी चावणार नाही.